सव्वादोनशे वर्षांचं बेअरिंग

कागदावर माझं बेअरिंग सव्वादोनशे वर्षं टिकणार होतं. प्रत्यक्षात त्यानं पहिल्या वर्षीचे गणपतीसुद्धा बघितले नाहीत.

आकडा हवेतून काढलेला नाही. बँकेत तीस वर्षं व्याज आणि हप्ते मोजण्यात गेलेला माणूस आहे मी. काहीही घेतलं की त्याचा खर्च कधी वसूल होणार हे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि ही वस्तू तर मी स्वतःच घडवत होतो. वडिलांची बावीस इंची काळी सायकल वीस वर्षं जिन्याखाली उभी होती. तिला मोटर बसवायची आणि फुलेवाडीहून शाहूपुरीतल्या शाखेत रोज तिच्यावरून जायचं, असं एका मार्चएंडच्या रात्री ठरवलं. मार्चएंडला माणसं याहून वेड्या गोष्टी ठरवतात.

मोटर घेतली ती बाजारात सगळीकडे दिसते तीच. २४ व्होल्ट, २५० वॉट, कार्बन ब्रशची, पोटातच गिअर असलेली, तोंडाला नऊ दात्यांचं छोटं चक्र. विजेच्या सायकलीला नंबरप्लेट लागत नाही ती २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतच, त्यामुळे त्याहून मोठी घ्यायचा प्रश्न नव्हता. मोटर सीटच्या नळीमागे छान बसली, पण तिथून साखळी मागच्या चाकाच्या डाव्या फ्रिव्हीलवर काही सरळ येईना. म्हणून मधे एक आडवा शाफ्ट घातला. मोटरची साखळी शाफ्टवर, शाफ्टची साखळी चाकावर. शाफ्ट आला की त्याला दोन बेअरिंगं आली, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मोटर गिअरमधून बाहेर पडते तेव्हा मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे. २५० वॉट पुरते वापरले तर पीळ येतो आठ न्यूटन-मीटर. नऊ दात्यांच्या चक्राची त्रिज्या जेमतेम साडेअठरा मिलिमीटर, त्यामुळे साखळीवर ओढ पडते साधारण ४४ किलोची. शाफ्टवर आणि चाकावर दोन्हीकडे सोळा-सोळा दाते, म्हणजे दुसऱ्या साखळीवरही ओढ तेवढीच. हे दुसरं चक्र दोन्ही बेअरिंगांच्या बाहेर काढलेलं. बेअरिंगांमधलं अंतर ६० मिलिमीटर, आणि चक्र त्याच्याही पुढे ३०. तरफेचा नियम लावला की जवळच्या बेअरिंगवर दीडपट भार, ६५ किलो धरा. (मोटरकडची साखळी वर ओढते, तिनं थोडं इकडेतिकडे होतं, ते सोडून दिलं.) बेअरिंग घेतलं ६००१, बारा मिलिमीटर भोकाचं. त्याची क्षमता तक्त्यात बघितली तर ५२० किलोच्या आसपास. आता आयुष्याचं सूत्र फार सोपं आहे. क्षमतेला भारानं भागायचं, येईल त्याचा घन करायचा, तितके दशलक्ष फेरे. ५२० भागिले ६५, आठ. आठाचा घन ५१२. एक्कावन्न कोटी वीस लाख फेरे!

शाफ्ट फिरणार मिनिटाला १७०. म्हणजे पन्नास हजार तास. ताशी वीस किलोमीटरनं दहा लाख किलोमीटर. रोज बारा किलोमीटर, रविवार आणि बँक हॉलिडे धरून, २२८ वर्षं. शंभरातली नव्वद बेअरिंगं एवढं आयुष्य काढतात असं हे सूत्र सांगतं. उरलेल्या दहात आपण कशाला येतोय, म्हणून मी झोपायला गेलो.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. सत्तर किलोचा माणूस चढावर पेडलवर उभा राहिला तर उजव्या बाजूच्या जुन्या साखळीवर सव्वाशे किलोच्या वर ओढ पडते. म्हणजे माझी मोटर माझ्या पायापेक्षा मऊ होती. तरी सायकलीची बेअरिंगं पिढ्यान्‌पिढ्या बदलावी लागतातच की. मग ती कशानं जातात? भारानं तर नाही. हा प्रश्न मला सुचला नाही, कारण उत्तर मनासारखं आलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सायकल रस्त्यावर आली. कोल्हापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. रंकाळ्याच्या कडेनं जाताना वरून पाऊस आणि खालून चाकानं उडवलेला राड. आषाढ सरता सरता एकदा सायकल सर्व्हिसिंगवाल्याकडे नेऊन प्रेशरनं धुवून आणली. मोटरवर प्लॅस्टिक बांधलं होतं, कंट्रोलर डब्यात होता. शाफ्टकडे लक्षसुद्धा गेलं नाही. लोखंड आहे, धुतलं की स्वच्छ होईल.

श्रावणात आवाज सुरू झाला. आधी नुसती सळसळ, रव्याच्या डब्यात बोट फिरवल्यासारखी. मग खरखर. एका सोमवारी गंगावेशीत डावी साखळी उतरली. घरी आणून बघितलं तर शाफ्ट हातानं वरखाली हलत होता. बेअरिंगाची पत्र्याची झाकणी काढली तर आत ग्रीस नव्हतंच. गेरू कालवून ठेवल्यासारखं तांबूस काहीतरी होतं.

उद्यमनगरात एक लेथवाले मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दोन्ही बेअरिंगं, शाफ्ट आणि माझा हिशोबाचा कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. कागद त्यांनी घेतला नाही. कमी बिघडलेलं बेअरिंग पेट्रोलमधे घोळून स्वच्छ केलं, आतली कडी करंगळीत अडकवली आणि बाहेरची कडी दुसऱ्या हातानं हळूहळू फिरवली. मग माझ्या हातात दिलं.

“फिरवा. डोळं मिटून फिरवा.”

फिरवलं. ठरावीक अंतरानं बोटाला कळेल न कळेल असा हिसका बसत होता. जुन्या रेडिओच्या बटणासारखा.

“गोळ्या जेवढ्या, खळगं तेवढं. हातोडीनं बशिवलं व्हय?”

हो. बेअरिंग जिच्यात बसतं त्या पट्टीतलं भोक घट्ट होतं, म्हणून आतल्या कडीवर पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून ठोकलं होतं. बेअरिंग बाहेरच्या कडीनं अडत होतं आणि मी मारत होतो आतल्या कडीला, म्हणजे प्रत्येक घाव गोळ्यांमधून गेला. पोलाद कितीही कडक असलं तरी गोळी टेकते ती टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर. रस्त्यावर पहिला फेरा फिरायच्या आधीच खळगे पडलेले होते.

“साहेब, ह्ये मेलेलं न्हाई,” मिस्त्री म्हणाले, “ह्येला मारलंय.”

पुढचा अर्धा तास त्यांनी खुनाचा पंचनामा केला. शाफ्ट मी बारा मिलिमीटरची ब्राइट बार म्हणून आणला होता. मायक्रोमीटर लावला तर ११.९४. बार म्हणून ती बरोबरच असते, ब्राइट बार नेहमी कमीच भरते, पण बेअरिंगाची आतली कडी तिच्यावर बसत नाही, लोळते. लोळता लोळता शाफ्ट खाते. शाफ्टवर तशी चकचकीत खाचच पडली होती. मिस्त्रींचा नियम असा की फिरतंय ते घट्ट, थांबलंय ते सैल. साखळीची ओढ कायम एकाच दिशेला आणि शाफ्ट फिरता, तर आतली कडी शाफ्टवर घट्ट हवी. बाहेरची कडी घरात, म्हणजे ती ज्या भोकात बसते त्यात, अंगठ्यानं दाबली तर सरकावी. सायकलीच्या चाकात नेमकं उलटं. तिथे एक्सल थांबलेला आणि हब फिरता, म्हणून बाहेरची कडी घट्ट आणि आतली सैल. मी शाफ्टला चाकाचा नियम लावला होता. तोही न कळता.

आणि तिसरी गोष्ट पट्ट्यांची. दोन पट्ट्यांत वेगवेगळी भोकं पाडून मग त्या फ्रेमला वेल्ड केल्या होत्या. मिस्त्रींनी दोन्ही भोकांतून एक सरळ दांडी घालून बघितली, ती गेलीच नाही. ६००१, किंवा पुढे मी घेतलेलं ६२०२, हे एका ओळीचं खोल खाचेचं साधं बेअरिंग. त्याला वाकडेपणा फार तर पाच-दहा मिनिटांचा चालतो, घड्याळातली नव्हे, अंशाचा साठावा भाग ती मिनिटं. साठ मिलिमीटर अंतरावर याचा अर्थ जास्तीत जास्त पावणेदोन दशांश मिलिमीटर. माझ्या पट्ट्या एक मिलिमीटरच्या वर चुकल्या होत्या.

माझ्या सूत्रात पाऊस नव्हता. हातोडी नव्हती, सहा शतांश मिलिमीटर कमी भरलेली बार नव्हती आणि वेल्डिंगनं ओढलेली पट्टी नव्हती. सूत्र फक्त फेरे मोजतं, आणि माझं बेअरिंग फेऱ्यांपर्यंत पोचलंच नव्हतं.

वडिलांना हे सूत्र माहीत नव्हतं. पण दर वर्षी खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी ते या सायकलीचं ओव्हरऑयलिंग करायचे. अंगणात पोतं अंथरायचे, आईची जुनी परात मागून घ्यायचे (‘परत स्वयंपाकात येणार नाही ती’ हे ती दर वर्षी म्हणायची आणि परात दर वर्षी परत यायची), तिच्यात रॉकेल ओतायचे आणि पुढचा हब, मागचा हब, बीबी (पेडलचा आस फिरतो तो भाग) असं एकेक उघडून छर्रे त्यात सोडायचे. मोजणं माझ्याकडे. पुढच्या हबात दहा-दहा बारीक छर्रे. मागच्यात नऊ-नऊ, पाव इंची, म्हणजे दोन सुती. बीबीत तेवढेच मोठे अकरा-अकरा. कपात पिवळं ग्रीस भरायचं आणि छर्रे एकेक करून त्यात रुतवायचे. कप गच्च भरला असं वाटलं की एक काढून घ्यायचा. “भरून एक कमी,” ते म्हणायचे. गच्च भरले तर छर्रे एकमेकांना घासतात, फिरत नाहीत. मग कोन, म्हणजे छर्र्यांना टेकणारा निमुळता नट, आवळायचा, पुरता आवळायचा आणि पाव फेरा सैल सोडायचा. रिमला धरून चाक डावी-उजवीकडे हलवलं की खेळ लागू नये, आणि चाक सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनानं ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली यावा. ही त्यांची परीक्षा. मायक्रोमीटर नाही, काही नाही.

माझ्या वाताहतीत एक गोष्ट शाबूत होती, ती हीच. त्याच पावसात, त्याच राडीत, त्याच प्रेशरच्या पाण्यात बीबी आणि मागच्या हबातले सुटे छर्रे फिरत राहिले. कप-कोनची रचना फ्रेमचा थोडा वाकडेपणा पोटात घालते, झीज झाली तर आवळून घेता येते, आणि पाणी शिरलं तर उघडून पुसता येतं. बंद बेअरिंग उघडायचं नसतं, हा त्याचा गुणही आहे आणि खोडही. ते चांगलं आहे की मेलं, एवढंच कळतं. मधलं काही कळत नाही.

तसा सायकलीचा आणि बेअरिंगाचा सोयरसंबंध जुना आहे. १७९४ मधे वेल्समधल्या कारमार्थनच्या फिलिप वॉननं घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगाचं पेटंट घेतलं, पण ते तिथेच राहिलं. १८६९ मधे पॅरिसच्या ज्यूल सुरिरेनं सायकलीसाठी पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत जेम्स मूरनं जिंकली ती तसल्या बेअरिंगांच्या सायकलीवर, असं सांगतात. पुढे १८८३ मधे जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रिडरिश फिशरनं पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र केलं. म्हणजे आज चंद्रावर जाणाऱ्या यानापासून घरच्या मिक्सरपर्यंत सगळीकडे जे फिरतं, त्याचं बालपण सायकलीच्या हबात गेलंय.

मला मात्र या सगळ्यांत जवळचा वाटला तो स्वेन विंगक्विस्ट. स्वीडनमधे गोटेनबर्गला कापड गिरणीत देखभाल बघणारा इंजिनिअर. गिरणी भुसभुशीत मातीवर उभी. माती खचली की इमारत हलायची, इमारत हलली की माग चालवणारे लांबलचक शाफ्ट रेषेतून जायचे आणि बेअरिंगं पटापट जायची. त्यानं जमीन सुधारायचा नाद सोडला आणि वाकडेपणा सोसणारं बेअरिंग केलं. आत गोळ्यांच्या दोन ओळी, आणि बाहेरच्या कडीची आतली बाजू गोलाच्या तुकड्यासारखी, म्हणजे शाफ्ट कलला तरी गोळ्या त्याच्याबरोबर कलतात. १९०७ मधे त्यावर एसकेएफ उभी राहिली, जिचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे. इचलकरंजीच्या मागांच्या खडखडाटात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना विंगक्विस्ट समजावून सांगावा लागत नाही.

मला वाटलं, झालं, आपलं बेअरिंग सापडलं. ६२०२ च्याच मापात, पंधरा-पस्तीस-अकरा, वाकडेपणा सोसणारं १२०२ मिळतं. मिस्त्रींना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, “मिळतंय की. पर त्येला रबर न्हाई, पाणी कसं अडवणार? आणि वाकडं करायचंच कशाला? सरळ करूया की.”

सरळ केलं. वेगळ्या पट्ट्या काढून टाकल्या आणि जाड नळीचा एक तुकडा आधी फ्रेमच्या पट्टीला वेल्ड केला. वेल्डिंग गार झाल्यावर, आधी नव्हे, ती जोडणी लेथवर धरून दोन्ही टोकांची घरं एकाच पकडीत बोअर केली. पकड सोडून उलटं धरलं की संपलं. शाफ्ट ईएन-एट पोलादाचा, सोळाच्या बारमधून पंधरावर उतरवलेला, बेअरिंग टेकायला खांदा ठेवून, आणि बेअरिंगाखाली पंधराच्या वर सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारांश. एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉनचा, त्याचा तिसरा हिस्सा. मिस्त्रींनी तो एमरी पेपरचा शेवटचा हात फिरवून आणला, आणि दर दोन हातांनी मायक्रोमीटर. दोन बेअरिंगांच्या आतल्या कड्यांमधे एक बुश (नळीचा छोटा तुकडा), म्हणजे नट आवळला तर भार बुशवर जातो, गोळ्यांवर नाही. एक बेअरिंग घरात सर्क्लिपनं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीनं, धरलेलं, दुसरं सरकायला मोकळं. चक्रही तीसऐवजी बारा मिलिमीटरवर आत घेतलं.

६२०२ घ्यायचं कारण ताकद नव्हे. तरी सांगतो, सवय जात नाही. त्याची क्षमता दीडपट, म्हणजे घनानं आयुष्य सव्वातीनपटीच्याही वर, सातशे सत्तर वर्षांच्या आसपास. देवगिरीच्या यादवांनी बसवलं असतं तर आत्ता बदलायला आलं असतं. खरं कारण असं की घरच्या छताच्या पंख्यात बहुतेक वेळा हेच असतं, त्यामुळे ते कुठल्याही गावात मिळतं, आणि पंधराचा शाफ्ट बारापेक्षा कमी वाकतो. आकड्यांचं कोडं फार अवघड नाही. सहा म्हणजे खोल खाचेचं, दोन म्हणजे हलक्या मालिकेतलं, शेवटचे दोन आकडे भोकाचे. शून्य दोन म्हणजे पंधरा मिलिमीटर, शून्य तीन सतरा, आणि शून्य चारपासून पुढे पाचानं गुणायचं.

नंबराच्या शेपटीला काय हवं यावर मात्र मी आता कुणाचं ऐकत नाही. टू-आरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबर. झेडझेडचा पत्रा आतल्या कडीला टेकतच नाही. तो धूळ अडवतो, पाऊस नाही. रबर घासतं, फेरे कमी होतात, असं कुणी सांगितलं तर मिनिटाला १७० फेऱ्यांना ती घासण बोटालाही कळत नाही हे लक्षात ठेवावं. सी-थ्री म्हणजे आत मुद्दाम जास्त ठेवलेला खेळ, तापणाऱ्या मोटरसाठी. आपल्या शाफ्टला साधंच बरं. सिरॅमिक गोळ्या ही शर्यतवाल्यांची हौस. स्टेनलेस एकदा हातात घेऊन ठेवून दिलं. आणि खोका नामांकित कंपनीचा असला तरी आतलं त्याच कंपनीचं असेल असं नाही. मला एकदा असं मिळालंय, कडीवरची अक्षरं नखानं खरवडली गेली. तेव्हापासून दुकान ठरलेलं, बिल घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही.

बसवायच्या आदल्या रात्री शाफ्ट फ्रीजरमधे ठेवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मटारांच्या शेजारी. पंधरा मिलिमीटरचं पोलाद पंचेचाळीस अंशांनी गार केलं की आठ मायक्रॉन आक्रसतं. हवं होतं तेवढंच. सकाळी बायकोनं विचारलं, “हे काय?” म्हटलं, शाफ्ट आहे. ती म्हणाली, “शाफ्ट आहे ते दिसतंय.” स्वयंपाकघराच्या ओट्यावरच, तो हातात घट्ट धरवत नव्हता एवढा गार असताना, बेअरिंग त्यावर ठेवलं. ते आपल्या वजनानं खांद्यापर्यंत घसरत गेलं आणि टेकताना ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. दोन मिनिटांनी ओढून बघितलं, हललं नाही. हातोडी दुसऱ्या खोलीत होती.

दोन पावसाळे झाले. गेल्या श्रावणात मात्र पुन्हा आवाज आला. या वेळी खरखर नाही, टक्. टक्. टक्. चढावर जास्त. माझं धाबंच दणाणलं. एका रविवारी शाफ्ट उतरवला, पुलर लावून दोन्ही बेअरिंगं ओढून काढली, पेट्रोलमधे घोळली, डोळे मिटून फिरवली. लोण्यासारखी. काहीच कळेना म्हणून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सायकल स्टँडवर लावून एकदा पेडल फिरवलं.

“टक् मिनिटाला किती वेळा व्हतंय?”

मोजलं नव्हतं. शाफ्ट मिनिटाला १७० फेरे घेतो आणि पेडल त्याच्या निम्म्याहून कमी. दर पेडलमागे एक टक्, आणि पेडल थांबवलं की बंद. तीस वर्षं बँकेत आकडे मोजणाऱ्या माणसानं तेवढंच मोजलं नव्हतं. मिस्त्रींनी डाव्या क्रँकचा कॉटर, म्हणजे क्रँक आसावर धरून ठेवणारी खीळ, अंगठ्यानं हलवून दाखवला.

काढलेली बेअरिंगं परत घालायची नाहीत असं ते म्हणाले. पुलर बाहेरच्या कडीला लावून ओढलं की जोर परत गोळ्यांवरच येतो. त्यातलं एक माझ्या मुलीनं टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलंय. येता-जाता बोटानं फिरवते, अजून छान फिरतं.

वहीत त्या रविवारची नोंद आहे. कॉटर, दहा रुपये. बेअरिंग जोडी, तीनशे वीस.